नव्या अंकाखालची चिठ्ठी

बुधवार म्हणजे नव्या अंकांचा दिवस. सकाळी साडेआठला दुकानाच्या मागच्या खोलीत तो तिसऱ्या गठ्ठ्याची पट्टी कापून बसला, वरची तीन कॉमिक्स वाचून बाजूला सारली, चौथं उघडलं, आणि सातव्या पानावर त्याला स्वतःच्या स्वयंपाकघरातला खण दिसला. ओट्याखालचा, वरून तिसरा. त्याची मूठ तुटून सहा वर्षं झाली होती आणि त्या जागी त्यानंच बुटाची काळी नाडी ओवून दोन गाठी मारल्या होत्या, तात्पुरत्या म्हणून. आता नाडी बांधलेला खण काय जगात एकट्या आपल्याच घरी असतो? लोकांच्या मुठी तुटतात, लोकांकडे बूट असतात. असं म्हणून तो पुढच्या चौकटीकडे वळला, तर तिथे नळाला लावलेली रबरी नळी, डावीकडे मान मुरडलेली. ठीक आहे, नळ्याही मुरडतात. पण त्याच्या पुढच्या चौकटीत फ्रिज होता आणि फ्रिजच्या दारावर दाढेच्या आकाराचं चुंबक होतं, आणि दाढ काही दुसऱ्या कुणाच्या फ्रिजवर असणं शक्य नव्हतं. ती त्याच्या बायकोनं कामावरून आणलेली. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवते, तिथे एकदा कुणीतरी गंमत म्हणून साच्यातून असं एकच चुंबक काढलं होतं. त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं कॉमिक मिटून मुखपृष्ठ पाहिलं. ‘बिऱ्हाड, भाग पहिला’. काढणाऱ्याच्या नावाच्या जागी कोरी पट्टी. वा रे वा, म्हणजे घर आमचं आणि नाव कुणाचंच नाही.

त्यानं पुन्हा उघडलं. टेबलाशी एक पुरुष बसला होता आणि त्याचं तोंड दिसत नव्हतं, कारण तोंडासमोर उघडं कॉमिक धरलेलं होतं. दिसत होती ती फक्त बोटं आणि वर डोक्यावरचं टक्कल, ज्याच्या मधोमध एक चिवट केसांचा पुंजका राहिलेला. त्यानं नकळत स्वतःच्या डोक्यावर हात फिरवला. पुंजका होता. चौकटीतली बाई म्हणत होती, “अहो, ऐकताय का?” आणि कॉमिकमागून फुगा निघाला होता, “हं.” पुढच्या चौकटीत बाईच्या हातात पातेलं, “अहो, मी काय म्हणते,” आणि “हं.” पुढच्या चौकटीत बाईच्या अंगावर बाहेर जायचे कपडे, “हं.” एका पानात नऊ चौकटी आणि नऊ वेळा हं, आणि प्रत्येक चौकटीत त्या माणसाच्या हातातलं कॉमिक मात्र वेगळं. इतकं बारीक काम केलेलं की ती कॉमिक्ससुद्धा ओळखू यावीत. ती त्यानं ओळखली. सगळी ह्याच दुकानातली होती, सगळ्यांना त्यानंच चिठ्ठ्या लिहिल्या होत्या.

चिठ्ठ्या हेच त्याचं काम. एकोणीस वर्षं तो ह्या दुकानात दर बुधवारी नवे आलेले अंक वाचतो आणि दहा वाजता दार उघडायच्या आत प्रत्येकाखाली फळीला पिवळी चिठ्ठी चिकटवतो. तीन ओळींची, काळ्या शाईची, कुणी घ्यावं आणि कशासाठी घ्यावं ते सांगणारी. ‘ज्यांना पाण्याची भीती वाटते त्यांनी आधी दिवा लावावा.’ ‘गोष्ट सामान्य, पण बाराव्या पानावरचा घोडा पाहाच.’ गिऱ्हाइकं आधी चिठ्ठी वाचतात, मग मुखपृष्ठ. त्याचं खरं नाव त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नाही, ती त्याला चिठ्ठीवाले म्हणतात. ह्या चिठ्ठ्यांचे त्याचे तीन नियम होते आणि ते त्यानं कधी मोडले नव्हते. शेवटचं पान वाचल्याशिवाय लिहायचं नाही. शेवट सांगायचा नाही. आणि खोटं लिहायचं नाही, मग मालक डोक्यावर उभा राहिला तरी बेहत्तर. मालक सुरुवातीला उभा राहायचा. मग त्याच्या लक्षात आलं की ‘घेऊ नका’ असं लिहिलेल्या चिठ्ठीमुळे शेजारच्या ‘घ्या’ला वजन येतं, आणि तो गप्प झाला. घरी मात्र चिठ्ठीवाल्याला फारसं बोलायची सवय नव्हती. तीन ओळींत माणूस जग आटोपतो, मग संध्याकाळी उरतं काय बोलायला, असं तो स्वतःशी म्हणायचा आणि ते त्याला पटायचंही.

कुणी काढलं हे? दुकानाचा मालक एकदा घरी आला होता, चार वर्षांपूर्वी, माल ठेवायला एखादी खोली भाड्यानं मिळेल का ते विचारायला. पण तो बाहेरच्या खोलीतूनच गेला होता. नळ दुरुस्त करणारा? त्या माणसानं पाना मागितला होता आणि पाना त्याच खणात होता. तो खणाकडे बघून हसला होता, हे आज त्याला स्पष्ट आठवलं. हसला का असेल? नळवाला रात्री घरी जाऊन कॉमिक काढतो हे अशक्य थोडंच आहे, ह्या धंद्यात त्यानं स्मशानाच्या राखणदारानं काढलेलं कॉमिकही वाचलं होतं. पण नळवाल्याला नऊ हं कुठून कळणार? नाही, हा भेदी घरातलाच. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे खाल्लं दुसऱ्यानंच आणि खवखवत होतं ह्याच्या घशात. तेवढ्यात मालक आत डोकावला. “काय हो चिठ्ठीवाले, कुठवर आलं? नऊ वाजून गेले.” त्यानं झटकन कॉमिकवर दुसरं कॉमिक ठेवलं. “होतंय.” “ते बिऱ्हाड का काय आलंय ते बघा हां. दोनच प्रती पाठवल्यात, पण पाठवणाऱ्यानं दोनदा फोन केला होता. म्हणे तुमच्याकडच्या चिठ्ठीवाल्यांना वाचायला द्याच.” “कोण होता?” “होता नाही, होती. बाईमाणूस.” “आवाज कसा होता?” “आवाजासारखा आवाज. फोनवर काय, सगळ्यांचा सर्दी झाल्यासारखाच येतो. का हो?” “काही नाही.” मालक गेला. बाईमाणूस, म्हणजे संशय आता बायको आणि मुलगी ह्या दोघींवर आला, आणि त्यातल्या एकीला त्यानं लगेच मोकळंही केलं. बायको? छे. तिनं आयुष्यात कधी रेघ ओढलेली त्यानं पाहिली नव्हती.

आणि त्याच्याकडे पुरावा होता. इतक्या वर्षांत त्यानं चित्रकारांची एक खोड पकडली होती आणि तिच्या जोरावर तो टोपणनावानं काढणाऱ्यांनाही अचूक ओळखायचा. चित्रकार माणसांचे डोळे हजार तऱ्हेचे काढेल, नाकं काढेल, दाढ्या काढेल, पण कानाशी आला की कंटाळतो आणि आरशात पाहिलेला स्वतःचाच कान सगळ्यांना चिकटवून देतो. त्यानं बिऱ्हाडमधले कान पाहिले. बाईचे, दूधवाल्याचे, पोस्टातल्या कारकुनाचे, सगळ्यांच्या कानाची पाळी खाली लोंबत नव्हती, सरळ गालाला चिकटलेली होती. तशी पाळी त्यानं कुठे पाहिली होती हे त्याला विचार करायचीही गरज पडली नाही. त्याची मुलगी, बिट्टी. लहानपणी तिला कानातलं घालताना पाळीमागे बोट शिरायचं नाही आणि ती भोकाड पसरायची. आता ती दुसऱ्या शहरात घरांचे आराखडे काढणाऱ्या कचेरीत होती, म्हणजे हात चालता. दोनदोन महिने फोन नाही, केला तर आईशी बोलणार, आणि तो फोनवर आला की “बरे आहात ना बाबा” म्हणून ठेवणार. तो काय मोठा राक्षस होता? तिला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं, शिकू दिलं, जाऊ दिलं. पण आता आठवायला लागलं तसं प्रत्येक आठवणीत ती कशाकडे तरी बघत होती असं त्याला वाटायला लागलं. टेबलाखाली बसून रंगवत होती तेव्हा बघत होती. दारात दप्तर घेऊन उभी होती तेव्हाही ती बघत होती आणि तो वाचत होता. हे सगळं ती साठवत होती तर! म्हणतात ना, आपलेच दात आपलेच ओठ. ओरडावं तरी कुणाच्या नावानं?

तो पुढे वाचत गेला तो आता वाचकासारखा नव्हे, झडती घेणाऱ्यासारखा. हे झालं होतं का? झालं होतं. बाईच्या वाढदिवसाला नवरा तिला कॉमिक देतो आणि तिच्या आधी स्वतःच वाचायला बसतो. झालं होतं, पण त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय? तिला त्यातलं कळलं नसतं म्हणून त्यानं आधी वाचलं. बाई एकटी जिन्यात बसून रडते. हे त्याला माहीत नव्हतं, पण जिना त्यांचाच होता, पाचव्या पायरीचा कोपरा उडालेला. मग सोळावं पान आलं. बाई एका म्हाताऱ्या घरमालकिणीच्या मागून एक खोली बघायला जाते. एक खिडकी, एक खाट. बाई खिडकी उघडून बघते, लावून बघते. म्हातारी विचारते, “एकट्याच का?” आणि बाई हात पुढे करून किल्ली घेते. उजव्या हाताखाली अजून पानं होती, आठ असतील, पण उलटायचा त्याला धीर होईना. ही पोरीनं रचलेली गोष्ट की पोरीला आईनं सांगितलेली? बायको खरंच खोली बघून आली आहे की काय? दहाला पाच मिनिटं कमी होती. त्यानं पिवळी चिठ्ठी ओढली आणि शेवटचं पान न वाचता लिहिलं, ‘घरातली भांडी चव्हाट्यावर आणून वाजवली आहेत. हात कच्चा, मन त्याहून कच्चं. नाही घेतलंत तरी बिघडणार नाही.’ चिकटवल्यावर त्याला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं ह्याचीच लाज वाटली.

दार उघडल्यावर पहिल्या नेहमीप्रमाणे मुख्याध्यापिका बाई आल्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेल्या, वाचतात फक्त भुताखेतांचं, पण त्या दिवशी त्यांचा हात कसा कोण जाणे बिऱ्हाडकडे गेला. त्यांनी दोन पानं चाळली, थांबल्या, आणखी एक चाळलं, तोंडाला पदर लावावा तशी बोटं लावली. मग सवयीनं चिठ्ठी वाचली आणि कॉमिक परत फळीवर ठेवलं. “मला बाई बरं वाटत होतं हे,” त्या म्हणाल्या, “पण तुम्ही म्हणताय म्हणजे नसेल. पूर्ण वाचलंत ना?” “वाचलं की,” तो म्हणाला. एकोणीस वर्षांत त्या दुकानात तो पहिल्यांदा खोटं बोलला आणि तेही जिनं दोन पिढ्यांची खोटी सर्दीतापाची कारणं पकडली त्या बाईशी. बाई त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या, निदान त्याला तसं वाटलं. त्या भुतांचं एक घेऊन गेल्या आणि तो मागच्या खोलीत जाऊन मुलीला फोन लावून बसला.

“बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?” “आईला काय धाड भरलीय! तू हे काय मांडलंयस?” “काय मांडलंय?” “बिऱ्हाड. खण, नळी, दाढ. सगळं आलंय इथे आज. नाव लपवलंस म्हणून मी ओळखणार नाही वाटलं तुला?” पलीकडे कचेरीतला आवाज येत होता, कुणीतरी कागद फाडत होतं. “बाबा, मी घरांच्या भिंती काढते, त्याही यंत्रावर. मला माणूस काढायला सांगितलंत तर मी काड्यांचा काढीन.” “खोटं बोलू नकोस. कान तुझे आहेत.” “काय?” “कान! सगळ्या माणसांना तुझे कान आहेत, पाळी चिकटलेली.” ती हसेल असं त्याला वाटलं होतं, पण ती म्हणाली, “बाबा, माझे कान कुणावर गेलेत?” त्याला ते माहीत नव्हतं. आपले तर नाहीत, आपली पाळी चांगली लोंबते. बायकोचे कान त्यानं डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, आणि केस आले, चष्म्याची काडी आली, कान काही येईनात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती म्हण त्यानं किती चिठ्ठ्यांत वापरली असेल. “बाबा,” मुलगी म्हणाली, ह्या वेळी मऊ आवाजात, “तुम्ही ते शेवटपर्यंत वाचलंत का?” त्यानं फोन ठेवला.

फळीवरची एक प्रत त्यानं उचलली, पिवळी चिठ्ठी ओरबाडून खिशात कोंबली, आणि मालकाला “येतो जरा” म्हणाला. मालक म्हणाला, “अहो, आज बुधवार आहे!” ते त्याला रस्त्यावर आल्यावर ऐकू आलं. घर चालत वीस मिनिटांवर. पण आज रस्ता संपेना, कारण प्रत्येक पावलाला एकेक गोष्ट उलटी फिरून त्याच्याकडे तोंड करत होती. दोन वर्षं ती धाकट्या खोलीचं दार लावून बसते. कवळ्यांचं राहिलेलं काम आणते म्हणाली होती, आणि तो म्हणाला होता, हं. तिच्या मधल्या बोटाला काळा डाग असतो. तो प्रयोगशाळेतला म्हणून त्यानं सोडून दिला होता. कवळीला कधी काळा रंग लागतो का? मेणाचा एकेक दात कोरायला हात किती स्थिर लागत असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. आणि ती परवा चप्पल घालताना म्हणाली होती, “जरा एक ठिकाण बघून येते.” कुठलं ठिकाण ते त्यानं विचारलं नव्हतं. आता ते ठिकाण त्याला पाठ होतं, एक खिडकी, एक खाट. कपाटातली मोठी बॅग जागेवर असेल का? जागेवर असली तरी रिकामी असेल का? समोरून येणारी माणसं आपल्याकडे बघतात आणि त्यांना सगळं ठाऊक आहे असं त्याला वाटत होतं, जणू दोन नव्हे, दोन हजार प्रती आल्या होत्या. जिन्याच्या पाचव्या पायरीवर त्याचा पाय अडखळला.

बायको धाकट्या खोलीत होती, दार उघडं टाकून. बुधवारी तिला दुपारून अर्धाच दिवस काम, हे त्याला ऐकून माहीत होतं, पाहून नव्हतं. टेबलावर कागद, दौत, बारीक टाक, दातांच्या कामातली दोन कोरणी. तिनं चष्म्यावरून पाहिलं आणि केस कानामागे सारले. कानाची पाळी गालाला चिकटलेली. “वाचलंत?” ती म्हणाली. “सोळा पानं.” “बरं.” “तू हे मला सांगायचंस ना! बोलायचं सोडून असं लोकांसमोर?” “बोलले की. नऊ वेळा तर एकाच पानावर बोललेय. तुम्ही एवढंच वाचता, म्हणून त्यात घातलं.” ती चिडलेली नव्हती आणि त्याचीच त्याला धास्ती वाटली. चिडलेल्या माणसाचं अजून काहीतरी अडकलेलं असतं. “ती खोली,” तो म्हणाला, “खरी आहे?” “खरी आहे. किल्ली घेतलेली नाही अजून, ती चित्रातच घेतली. महिनाअखेर सांगायचंय म्हातारीला.” “मग दुसऱ्या भागात ती जाते?” “तुम्हीच ना लोकांना शेवट सांगत नाही? बसा. आधी हा पुरा करा.”

तो खाटेच्या कडेला बसला आणि तिच्या समोर वाचू लागला. पानं उलटताना बोटं चिकटत होती. शेवटच्या पानावर एकच मोठी चौकट होती. इस्पितळातली खाट, बाई पडलेली, नाकात नळी. बाजूला स्टुलावर तो पुरुष, आणि त्याच्या हातात कॉमिक नव्हतं. चोवीस पानांत पहिल्यांदाच त्याला तोंड होतं. ते त्याचंच होतं, नाकावरच्या व्रणासकट, आणि इतकं चांगलं तोंड आपल्याला आहे हे त्याला कधी आरशातही दिसलं नव्हतं. तो चमच्यानं तिच्या ओठांत पाणी घालत होता. त्याचे डोळे भरून आले. “हे आठवतं मला,” तो म्हणाला. “तुझं ऑपरेशन. ओठ किती सुकले होते तुझे. चमच्याचा आवाज यायचा पेल्यावर.” “काय आठवतं?” “हेच. पाणी.”

बायकोनं टाक पुसून ठेवला. “तुम्ही आला नव्हतात,” ती म्हणाली. “बुधवार होता. रात्री बिट्टीला सोडायला आलात, तोवर मी झोपले होते. पाणी शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा द्यायचा. तिला देऊन झालं की वळून मलाही दोन चमचे द्यायचा. भला माणूस. नावही नाही विचारलं मी.” तो चित्राकडे बघत राहिला. आवाज तर त्याला अजून ऐकू येत होता, पेल्यावरचा चमचा, आणि तो कुठून येत होता ते त्याला कळेना. “मग माझं तोंड का काढलंस?” “बाकीची तेवीस पानं खरी आहेत, ती किल्ली सोडली तर. ती काढून झाल्यावर वाचली, तर वाटलं, वाचणारा विचारेल, मग ही बाई इतकी वर्षं राहिलीच का? चार महिने शोधत होते हो. एक तरी पान सापडेल म्हणून. नाही सापडलं, तेव्हा हे रचलं.” खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा कर्णा दाबून धरला होता. त्याला पुष्कळ म्हणावंसं वाटलं, चुकलं म्हणावं, जाऊ नकोस म्हणावं, पण प्रत्येक वाक्य जिभेवर येताच तीन ओळींचं होत होतं.

“दुसऱ्या भागात रचलेलं काहीही घालणार नाही,” ती म्हणाली आणि कोरा कागद समोर ओढला. “म्हणून विचारते. आज बुधवार असून घरी का आलात?”

तुझ्यासाठी आलो, असं म्हणणं किती सोपं होतं. तिनं मान तिरकी केली होती, तिला ते ऐकायचंही असेल. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला.

“संशय आला म्हणून,” तो म्हणाला. “आणि भीती वाटली. तू निघून गेली असशील अशी.”

ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, काढायच्या आधी बघतात तशी. मग म्हणाली, “हलू नका,” आणि पेन्सिल घेतली.